मज्जातंतूच्या टोकाचे कॅल्शियम आणि आपली समीकरणे

गेल्या काही वर्षांत आपल्या परिसंवादांतून आणि पदव्युत्तर प्रबंधांतून एक समीकरण वारंवार कानी पडते. मज्जातंतूकडून स्नायूकडे जो संदेश जातो तो कॅल्शियमच्या आधाराने जातो. सर्व चेष्टांचा प्रवर्तक वायू आहे. म्हणून कॅल्शियम हे व्यानवायूचेच भौतिक रूप होय. यापुढची पायरी आपोआप येते. प्रवाळ, शंख, शुक्ती, कपर्दिक ही सुधावर्गातील द्रव्ये कॅल्शियमयुक्त आहेत. तेव्हा हातापायांत बळ नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, अशा प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर प्रवाळपिष्टी लिहिली जाते. मीही ती कित्येक वर्षे लिहिली आहे. प्रस्तुत लेख त्या समीकरणाच्या विरोधात आहे. तो लिहिण्यास मला माझ्याच एका चुकीने भाग पाडले. त्या चुकीचा वृत्तांत पुढे येईल.

प्रथम साधा हिशेब पाहू. प्रवाळपिष्टी म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यात वजनाने ४० टक्के कॅल्शियम. २५० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा दिली, तर रुग्णाच्या पोटात फार तर २०० मिलिग्रॅम कॅल्शियम जाते, आणि शोषले जाते ते त्याहूनही कमी. पेलाभर दुधात याहून अधिक कॅल्शियम असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. केवळ कॅल्शियम म्हणूनच द्यावयाचे असेल तर नाचणीची भाकरी बरी, आणि स्वस्तही. वस्तुतः आपल्या रसग्रंथांनी ही द्रव्ये 'कॅल्शियम' म्हणून वापरलीच नाहीत. शंखभस्माचा अधिकार अम्लपित्त, परिणामशूल, ग्रहणी यांत. प्रवाळाचा प्रामुख्याने पित्तज विकारांत आणि रक्तपित्तात. अलीकडच्या पाठ्यपुस्तकांनी रासायनिक घटनेवरून त्यांची एका वर्गात मोट बांधली, आणि आम्ही त्या वर्गाच्या नावालाच गुणकर्म मानू लागलो.

शब्दांची अशी गफलत आपल्याकडे नवी नाही. मराठीत आपण 'मसल'ला स्नायू म्हणतो. सुश्रुताच्या शारीरस्थानात मात्र पेशी ५०० आणि स्नायू ९०० सांगितले आहेत, आणि तेथे मांसमय अवयव तो पेशी. स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी 'पेशी' हा शब्द 'सेल'साठी उचलला आणि स्नायूला पेशीच्या जागी बसवले. प्रथम वर्षाचा विद्यार्थी सकाळी एका तासाला एक अर्थ शिकतो, दुपारच्या तासाला दुसरा, आणि परीक्षेत दोन्ही लिहून मोकळा होतो. मी या लेखात रूढ मराठी अर्थानेच 'स्नायू' लिहीत आहे, हे जाणकारांनी कृपया लक्षात घ्यावे.

आता मूळ विषयाकडे वळतो. या मंडळींनी ज्ञान कसे मिळवले ते पाहिल्यावाचून समीकरणाचा उथळपणा ध्यानात येणार नाही.

लंडनमधील सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारजलात ठेवून धडकत ठेवीत असत. केवळ मिठाचे पाणी त्याला पुरेसे आहे, असा त्यांचा समज झाला होता. मग त्यांच्या ध्यानात आले, की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याने केलेले नव्हते. शहराच्या नळाचे पाणी वापरले गेले होते, आणि त्या पाण्यात चुन्याचा अंश होता. शुद्ध पाण्याने द्रावण केले तेव्हा हृदयाची धडक मंदावत गेली. कॅल्शियमचा लेश घालताच ती परत आली. १८८३ साली रिंगरनी आपला आधीचा घोटाळा स्वतःच छापून प्रसिद्ध केला. पुढे १८९४ मध्ये लॉक यांनी दाखवले, की मज्जातंतूची आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचण्यासही कॅल्शियम लागते. हे का लागते, हे समजण्यास मात्र आणखी सत्तर वर्षे गेली.

ते काम मुख्यतः बर्नार्ड कॅट्झ यांचे. लाइपझिगमध्ये जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ १९३५ साली जर्मनी सोडून लंडनला आले. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य स्रवते आणि त्याने स्नायू आकुंचन पावतो, हे डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ पर्यंत दाखवलेच होते. पॉल फॅट आणि कॅट्झ यांनी १९५० च्या सुमारास बेडकाच्या स्नायूत सूक्ष्म विद्युदग्र खुपसून पाहिले, तेव्हा मज्जातंतू पूर्ण विश्रांतीत असतानाही अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे चिमुकले संकेत अधूनमधून उमटत होते. देल कास्तिलो आणि कॅट्झ यांनी मग एक युक्ती योजली. द्रावणातले कॅल्शियम घटवले, मॅग्नेशियम वाढवले, आणि मज्जातंतूला उद्दीपन दिले. आता मोठा प्रतिसाद येईना. जो येई तो कधी एका चिमुकल्या संकेताएवढा, कधी दोहोंएवढा, कधी तिहींएवढा, आणि कधी मुळीच नाही. दीडपट, पावणेदोनपट असे काही नव्हते. स्राव सुट्या धारेने होत नाही, तो ठराविक मापाच्या पुड्यांनी होतो, हा १९५४ चा निष्कर्ष यातून आला. प्रत्येक पुडीत अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू असतात. मज्जातंतूच्या टोकात दिसणाऱ्या पुटिका म्हणजेच या पुड्या. कॅल्शियम पुडी लहान-मोठी करत नाही. किती पुड्या सुटणार हे ठरवते.

यानंतर कॅट्झ आणि रिकार्दो मिलेदी यांनी वेळेचा प्रश्न धरला. अतिसूक्ष्म नळीने कॅल्शियम नेमके त्या टोकाशी सोडायचे, कधी उद्दीपनाच्या क्षणभर आधी, कधी क्षणभर नंतर. आधी सोडले तर स्राव होई. नंतर सोडले तर होत नसे. म्हणजे विद्युत्संकेत येताना कॅल्शियम दाराशी हजर असले पाहिजे. संकेताने कॅल्शियमचे मार्ग उघडतात, ते आत शिरते, आणि एका मिलिसेकंदाच्या आत पुटिका फुटून द्रव्य बाहेर पडते. १९७० चा नोबेल पुरस्कार कॅट्झ यांना (अन्य दोघांसह) या कामासाठी मिळाला.

येथे थोडे थांबावे असे मला वाटते, कारण आपल्या समीकरणाची खरी परीक्षा येथे आहे. रक्तातील व पेशीबाहेरील द्रवातील मुक्त कॅल्शियम आणि विश्रांतीतील मज्जातंतूच्या आतील मुक्त कॅल्शियम यांत सुमारे दहा हजार पटींचा फरक असतो. बाहेर मुबलक, आत जवळजवळ नाहीच. पेशी आपली शक्ती खर्चून कॅल्शियम सतत बाहेर फेकत असते. म्हणूनच मार्ग क्षणभर उघडताच जे शिरते ते संकेत म्हणून उपयोगी पडते. शांत रात्री कडी वाजावी तसे. बाजारात कडी वाजली तर कोण ऐकणार? बाहेरचे कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी काटेकोर मर्यादेत राखते, आणि त्यासाठी शरीरातील सुमारे एक किलो कॅल्शियमपैकी ९९ टक्के साठा अस्थींत ठेवलेला आहे. आमच्या पिष्टीचे दोनशे मिलिग्रॅम या व्यवस्थेत मज्जातंतूच्या टोकापर्यंत 'बळ' म्हणून पोहोचतात, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

आणखी एक गोष्ट. १९६७ मध्ये डॉज आणि रहमिमॉफ यांनी बेडकाच्या याच संधिस्थानावर मोजणी करून दाखवले, की कॅल्शियम अल्प प्रमाणात असताना स्राव त्याच्या सुमारे चौथ्या घाताने बदलतो. कॅल्शियम निम्मे झाले तर स्राव निम्मा होत नाही; तो सोळाव्या हिश्शावर येतो. याचा सरळ अर्थ असा, की एक पुटिका सुटण्यासाठी कॅल्शियमचे अनेक कण एकत्र कोठेतरी बसले पाहिजेत. ते जेथे बसतात ती जागा म्हणजे कॅल्शियमला धरणारी प्रथिने.

यांपैकी प्रमुखाचे नाव सिनॅप्टोटॅग्मिन. ते पुटिकेच्या आवरणात रोवलेले असते आणि त्याला दोन मुठी असतात. एकीत तीन, दुसरीत दोन असे कॅल्शियमचे पाच कण बसू शकतात. टेक्सासमधील थॉमस सुडहोफ यांच्या गटाने १९९० मध्ये त्याची रचना उलगडली. १९९४ मध्ये त्याचे जनुक नसलेल्या उंदरांच्या चेतापेशींत द्रुत स्राव नाहीसा झालेला आढळला. रेंगाळणारा मंद स्राव तेवढा उरला. मग २००१ मध्ये त्यांनी या प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदलून त्याची कॅल्शियम धरण्याची ओढ निम्म्यावर आणली, तेव्हा स्रावाची कॅल्शियमविषयीची संवेदनाही तेवढीच उतरली. कार्यकारणभाव सिद्ध करणे म्हणजे काय, याचा हा नमुना आहे. केवळ साहचर्य दाखवून ही मंडळी थांबली नाहीत. पुटिका आणि पेशीचे आवरण यांना दोरीचा पीळ द्यावा तसे एकमेकांशी खेचणारी तीन प्रथिने वेगळी. सिनॅप्टोटॅग्मिन त्या पिळाला शेवटची गती देते. रॉथमन, शेकमन आणि सुडहोफ यांना २०१३ चा नोबेल पुरस्कार या साऱ्या उलगड्याबद्दल मिळाला. सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतू-स्नायू संधीत याच कुळातले दुसऱ्या क्रमांकाचे सिनॅप्टोटॅग्मिन मुख्यतः काम करते, आणि त्याच्या जनुकातील दोषाने काही कुटुंबांत वंशपरंपरेने स्नायुदौर्बल्य येते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाकीच्या प्रथिनांचा पसारा मोठा आहे. कॅल्मोड्युलिन चार कण धरते आणि अनेक कामांना हात लावते. पार्व्हाल्ब्युमिन, कॅल्बिंडिन ही टिपकागदासारखी वाढीव कॅल्शियम शोषून घेतात. फळमाशीत १९९३ साली सापडलेले फ्रिक्वेनिन मला विशेष वाटते. ज्या माश्यांत ते प्रमाणाबाहेर असते, त्यांच्या मज्जातंतूंना लागोपाठ, वाढत्या वेगाने उद्दीपन दिले तर स्नायूचा प्रतिसाद नेहमीपेक्षा फार वाढत जातो. त्याचे नावही या वारंवारतेवरूनच पडले. माणसातही त्याचे प्रतिरूप आहे. तात्पर्य, त्याच कॅल्शियमचा अर्थ कोणते प्रथिन त्याला धरते यावर ठरतो. टोकात सिनॅप्टोटॅग्मिनने धरले तर पुटिका सुटते. स्नायूच्या आत ट्रोपोनिनने धरले तर आकुंचन होते. पार्व्हाल्ब्युमिनने धरले तर आकुंचन सैल होण्यास साहाय्य होते. यातले कोणते कॅल्शियम 'व्यानवायू' म्हणावयाचे?

समीकरण मांडणाऱ्यांना मी आणखी एक साधा प्रश्न विचारतो. रक्तातील कॅल्शियम उतरले की हातापायांना मुंग्या येतात, बोटे वाकडी होतात, आक्षेप येतात. संधीतील स्राव कमी होऊन दौर्बल्य यावे, तर प्रत्यक्षात उलटेच घडते. कारण स्राव घटण्याइतके कॅल्शियम उतरण्याच्या कितीतरी आधी मज्जातंतूचे आवरणच अति संवेदनशील होते. रक्तातील कॅल्शियम फार वाढले तर बलक्षय, मलावष्टंभ, भ्रम ही लक्षणे दिसतात. आता आपल्या परिभाषेत आक्षेप हाही वात, आणि बलक्षय-मलावष्टंभ हाही वात. कॅल्शियम म्हणजे वायू, तर त्याच्या वृद्धीने आणि क्षयाने दोन्हीकडे वातप्रकोपच कसा? चरकाने वातकलाकलीय अध्यायात वायूचे जे वर्णन केले आहे ते कर्माच्या अंगाने आहे. तो अमूर्त आहे, कर्मावरून अनुमानाने कळणारा आहे. त्याला एखाद्या धातूच्या कणाला जुंपणे हा आधुनिकांचा गौरव नव्हे आणि चरकाचाही नव्हे.

हे सारे मी इतक्या तावातावाने का लिहितो, ते आता सांगतो.

२०११ साली माझ्याकडे साठीच्या आसपासचे एक शेतकरी आले. पंचवीस-तीस वर्षे विडी ओढणारे. जमिनीवरून उठताना मांड्यांत बळ नाही, तोंडाला कोरड, मलावष्टंभ, वजन थोडे उतरलेले. "वैद्यबुवा, उठतानाच काय तो त्रास, चार पावलं टाकली की पाय जरा मोकळे होतात," असे ते म्हणाले. मी मांसगत वात असे निदान केले. बलातैलाचा अभ्यंग, पत्रपोट्टली स्वेद, बस्ती, अश्वगंधा, आणि अर्थातच प्रवाळपिष्टी. कोरडीसाठी ज्येष्ठमध, मलावष्टंभासाठी गंधर्वहरीतकी. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे एक औषध होते, आणि प्रत्येक लक्षण वाताच्या चौकटीत चपखल बसत होते. पाच महिने गेले. मध्ये दोनदा त्यांनी थोडे बरे वाटते असे सांगितले. बस्तीनंतर माणसाला हलके वाटतेच.

पाच महिन्यांनी एक तरुण वैद्यकमित्र सहज दवाखान्यात आले होते. त्यांनी रुग्णाचा गुडघा हातोडीने ठोकला. पाय हलला नाही. मग त्यांनी रुग्णाला मांडी दहा सेकंद आवळून धरण्यास सांगितले आणि लगेच पुन्हा ठोकले. आता पाय उडाला. त्यांचा चेहरा गंभीर झाला, आणि मला त्याचे कारण कळले नाही, हे मी येथे नमूद करतो. शहरात मज्जातंतूची विद्युत्परीक्षा झाली. स्नायूचा प्रतिसाद अत्यल्प होता आणि थोड्या श्रमानंतर दुपटीहून अधिक वाढत होता. छातीच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात गाठ निघाली.

हा विकार १९५६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लॅम्बर्ट, ईटन आणि रूक यांनी वर्णन केला. फुफ्फुसातील विशिष्ट प्रकारच्या, लघुपेशी कर्करोगाच्या पेशींवर मज्जातंतूच्या टोकासारखेच कॅल्शियमचे मार्ग असतात. शरीर त्या गाठीविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, आणि तीच प्रतिपिंडे मज्जातंतूच्या टोकावरील मार्गही निकामी करतात. कॅल्शियम आत शिरणे कमी होते, आणि चौथ्या घाताचा तो निर्दय हिशेब लागू पडतो. अशा रुग्णांपैकी निम्म्यांहून थोड्या अधिकांत हा कर्करोग सापडतो, आणि बहुधा दौर्बल्य आधी दिसते, गाठ मागाहून. लागोपाठ काही संकेत आले, की आत शिरलेले थोडे थोडे कॅल्शियम साचते आणि स्राव काही काळ सुधारतो. "चार पावलं टाकली की पाय मोकळे होतात" याचा अर्थ हा होता. तोंडाची कोरड आणि मलावष्टंभही त्याच विकाराचे. तेथील मज्जातंतूंनाही तेच मार्ग लागतात. रक्तातील कॅल्शियम तपासले असता ते अगदी प्राकृत होते. कमतरता कॅल्शियमची नव्हतीच. दार बंद होते, आणि मी दाराबाहेर पोती रचत होतो.

केमोथेरपीने त्यांच्या पायांत काही दिवस बळ आले. पुढल्या वर्षी पावसाळ्यानंतर ते गेले. त्यांचा मुलगा कागद घेऊन आला आणि विचारले, "पाच महिने आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का?" मी सांगितले, की काही महिने वाढले असते, कदाचित अधिक, निश्चित सांगता येत नाही. तो रागावला नाही. मला ते अधिक जड गेले.

कोणी म्हणेल, असा विकार विरळा. वैद्याच्या आयुष्यात एखादाच रुग्ण. खरे आहे. परंतु याच संधीवर घडणारे आणि आपल्या दारी नक्की येणारे इतर प्रसंग आहेत. मण्यार चावलेला माणूस रात्री जमिनीवर झोपलेला असतो. दंशाची वेदना नाही, सूज नाही, पहाटे पोट दुखते, आणि थोड्या वेळाने पापण्या मिटू लागतात. पोटदुखीसाठी शंखवटी देऊन त्याला घरी पाठवणे किती सोपे आहे, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्यांना सांगावयास नको. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकावर आघात करते आणि पुटिकांचा साठाच उद्ध्वस्त करते; नागाचे विष स्नायूच्या बाजूच्या ग्राहींना अडवते. म्हणून निओस्टिग्मिनचे इंजेक्शन नागदंशात पुष्कळदा उपयोगी पडते, मण्यारीच्या दंशात फारसे पडत नाही, आणि प्रतिविषाबरोबर कित्येक दिवस कृत्रिम श्वास द्यावा लागतो. पापणी उतरलेली दिसताच रुग्णाला व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयाकडे धाडणे, एवढेच आपले कर्तव्य. ते तासाभरात झाले पाहिजे.

आपल्यापैकी अनेकजण प्रसूतिगृहांत आणि ग्रामीण रुग्णालयांत रात्रपाळी करतात. गर्भिणीच्या आक्षेपांत मॅग्नेशियम सल्फेट देतात. प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया का पाहावयाची, हे पुष्कळांना नियम म्हणून ठाऊक असते, कारण म्हणून नाही. कारण देल कास्तिलो आणि कॅट्झ यांच्या त्याच प्रयोगात आहे. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत उभे राहते. ते फार वाढले की आधी गुडघ्याची क्रिया नाहीशी होते, मग श्वास. आणि उतारा म्हणून जे शिरेतून सावकाश द्यावयाचे, ते कॅल्शियम ग्लुकोनेट. येथे कॅल्शियम खरोखरच औषध आहे, आणि ते मज्जातंतूच्या टोकावरच काम करते. जेंटामायसिनसारखी औषधेही या टोकावर कॅल्शियमला अडवतात. ज्याच्या पापण्या संध्याकाळी उतरतात आणि ज्याला अन्न गिळताना थकवा येतो, अशा रुग्णाला ते इंजेक्शन देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

एका बाबतीत न्याय केला पाहिजे. ड जीवनसत्त्वाच्या दीर्घ अभावात मांड्यांचे दौर्बल्य येते आणि आपल्याकडे ते विरळ नाही, विशेषतः घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांत. तेथेही प्रवाळपिष्टीपेक्षा रक्ताची तपासणी आणि ड जीवनसत्त्व हाच मार्ग आहे.

आमची द्रव्ये या संधीवर काहीच करत नाहीत, असेही मी म्हणत नाही. बलेत इफेड्रिन असल्याचे १९३० च्या सुमारास भारतीय रसायनज्ञांनी नोंदवले. योगायोग असा, की त्याच वर्षी हॅरिएट एजवर्थ या अमेरिकन बाईंनी, ज्या स्वतः मायस्थेनिया या स्नायुदौर्बल्याच्या रुग्ण होत्या, इफेड्रिनने आपल्याला उतार पडल्याचे प्रसिद्ध केले. आजही जन्मजात मायस्थेनियाच्या काही प्रकारांत इफेड्रिन हे मान्य औषध आहे. बला वातव्याधीत श्रेष्ठ मानली गेली, त्यामागे हेच असेल, असे म्हणण्याचा मोह मला होतो. आणि नेमका तोच मोह आवरण्यासाठी हा लेख आहे. बलेच्या कोणत्या भागात, कोणत्या ऋतूत, कोणत्या कल्पात हे द्रव्य किती उतरते, आणि ते संधीवर पोहोचते का, हे मोजावे लागेल. सुडहोफ यांनी एक अमिनो आम्ल बदलून जे दाखवले, त्या तोडीचा प्रयोग आपल्या महाविद्यालयांत लगेच होणार नाही, हे मला कळते. पण मोजमाप तर होऊ शकते. प्रबंधाच्या विद्यार्थ्याला 'व्यानवायू व कॅल्शियम : एक तौलनिक अध्ययन' असा विषय देण्याऐवजी 'बलामूल क्वाथातील इफेड्रिनचे प्रमाण' असा विषय दिला, तर तो दोन वर्षांत एक खरा आकडा घेऊन येईल.

संघटनेच्या कार्यकारिणीस माझी विनंती लहान आहे. पुढील प्रशिक्षणवर्गात मज्जातंतू-स्नायू संधीसाठी दोन तास द्यावेत; एक व्याख्यानाचा, एक प्रात्यक्षिकाचा. प्रात्यक्षिकाच्या तासाला प्रत्येकाच्या हाती प्रतिक्षिप्त क्रिया पाहण्याची हातोडी असावी. दौर्बल्याच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पुढील नोंदी आम्ही स्वतःच्या हाताने कराव्यात : दौर्बल्य दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते, थोड्या हालचालीने सुधारते की बिघडते, पापण्या, गिळणे आणि श्वास कसा आहे, तोंडाला कोरड आहे का, विडी-सिगारेट किती वर्षे, आणि गुडघा ठोकल्यावर पाय हलतो का, न हलल्यास मांडी दहा सेकंद आवळल्यावर हलतो का. नाडीपरीक्षेला जेवढा वेळ लागतो त्याहून याला फार अधिक लागत नाही. मी २०१२ पासून ही नोंद ठेवत आहे. या काळात तिच्या आधाराने मी पुढे पाठवलेल्या दोघांत मायस्थेनिया निघाला. तिसऱ्याच्या छातीत गाठ होती, आणि ती वेळेत सापडली.